लेकीच्या कागदावर नसलेलं भोक

रेणुका ही माझ्या धाकट्या भावाची नात. हिंजवडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. मागच्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे कासारवाडीला आठ दिवस राहायला होती आणि नव्या नोकरीच्या मुलाखतीसाठी खोलीत येरझारा घालत मोठमोठ्याने उत्तरं पाठ करत होती. मी भेंडी चिरत बसले होते.

"प्रोग्राममध्ये एक क्लास असतो, म्हणजे एक नमुना. सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी त्याच्यात एकदाच लिहायच्या. मग त्याच्यापासून दुसरा क्लास काढायचा. त्याला पहिल्यातलं सगळं आपोआप मिळतं. जे वेगळं असेल तेवढंच त्याच्यात लिहायचं. याला इनहेरिटन्स म्हणतात, म्हणजे वारसा."

"आणि पहिल्यातलं कुणी काही बदललं तर?" मी विचारलं.

"तर दुसऱ्यातही बदलतं. तीच तर गंमत आहे ना, आत्याआजी! एका जागी दुरुस्ती केली की सगळीकडे होते."

मी सुरी खाली ठेवली. माझा चेहरा उतरला असावा, कारण तिने पाणी आणून दिलं. ऊन लागलं म्हणून मी वेळ मारून नेली.

या अंकाच्या संपादकांना मी ड्रॉइंग ऑफिसातल्या गमतीजमती लिहून देईन असं कबूल केलं होतं. त्या काळात कारखान्यात नोकरी करणारी बाई म्हणजे नवल, आणि गमतीजमती आहेतही पुष्कळ. पण लिहायला बसलं की हात एकाच गोष्टीकडे जातो. तेव्हा थोड्या गमती सांगते आणि मग ती गोष्ट सांगून टाकते. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे, आता आणखी थांबण्यात अर्थ नाही.

पानशेत फुटलं तेव्हा आमचं पुण्यातलं बिऱ्हाड वाहून गेलं आणि आम्ही कासारवाडीला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. वर्षभरात वडील गेले. मागे आई, मी आणि शाळकरी भाऊ. मॅट्रिक झाल्यावर मी ट्रेसरचा कोर्स केला आणि चीनच्या लढाईनंतर चार वर्षांनी पिंपरीच्या एका कारखान्यात चिकटले. कारखान्याचं नाव सांगत नाही. तो केव्हाच बंद पडला, आणि तिथल्या माणसांची मुलंबाळं याच भागात आहेत.

आमच्याकडे वजन उचलायची यंत्रं बनत. वर साखळीचं यंत्र, खाली लोंबणारा हुक. ट्रेसरचं काम असं, की ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेल्या आकृतीवर ट्रेसिंगचं मेणकट कापड पसरायचं आणि काळ्या शाईने रेघ न् रेघ गिरवायची. चुकलं तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची, कापड फाटू द्यायचं नाही. हे कापड म्हणजे मूळ प्रत, ती लोखंडी कपाटात राही. तिच्यावरून अमोनियाच्या वाफेवर प्रिंट काढायच्या आणि त्या खाली शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या विभागात, जायच्या. प्रिंटच्या खोलीतून बाहेर आलं की सासरी निघाल्यासारखे डोळे भरलेले असत. त्या प्रिंट उजेडात राहिल्या की फिक्या पडत, म्हणून अधूनमधून नव्या द्याव्या लागत. माझा हात चांगला होता. माझी रेघ ओळखता येते असं लोक म्हणत, आणि मला ते आवडायचं.

ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख दातार साहेब. बारीक अंगाचे, सदा खिशात दोन पेन्सिली, आवाज कधी न चढवणारे. हुक एकाच जातीचा, पण गिऱ्हाइकागणिक त्यात फरक. प्रत्येक वेळी सहा-सात कागद नव्याने ट्रेस करायचे. आम्ही तिघी मुली मान मोडेपर्यंत गिरवायचो आणि तरी काम तुंबायचं. मग दातार साहेबांनी एक पद्धत काढली. मूळ हुकाचा एक पूर्ण कागद करायचा. नव्या गिऱ्हाइकासाठी फक्त एक छोटा कागद, त्याच्यावर तेवढीच वेगळी मापं, आणि खाली एक ओळ: "बाकी सर्व मूळ आकृतीप्रमाणे." मूळ कागदाचं नाव शॉपमधल्या लोकांनी 'आई' पाडलं आणि छोट्या कागदांचं 'लेकी'. आठवड्याभरात साहेबसुद्धा तसंच म्हणायला लागले. कुठली लेक कुठल्या आईची, ते एका निळ्या कापडी बांधणीच्या रजिस्टरात लिहिलेलं असे, आणि ते रजिस्टर माझ्याकडे होतं.

बायकांना हे चटकन कळेल. माझ्या आईच्या वहीत चकलीचं पान पूर्ण लिहिलेलं होतं, आणि कडबोळ्यांच्या पानावर एवढंच: "सर्व चकलीप्रमाणे, तिखट निम्मे." आता कुणी चकलीच्या पानावरचा ओवा खोडला, तर कडबोळ्यांतलाही ओवा गेला. कडबोळ्यांच्या पानावर मात्र काहीच खोडलेलं दिसणार नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग असत. चाकणचा एक कांद्याचा व्यापारी आला. त्याला एका हुकाला चार गोणी एकदम टांगायच्या होत्या. "मला चार तोंडाचा हुक द्या, ब्रह्मदेवासारखा," म्हणाला. दातार साहेबांनी त्याला आठ दिवस समजावलं, शेवटी चार तोंडांची लेक काढून दिली. बाकी सगळं आईचं, तोंडं तेवढी तिची. त्या हुकाने पुष्कळ वर्षं कांदा उचलला.

साहेबांचा एक नियम होता. लेक काढण्याआधी विचारायचं: ही वस्तू हुकाच्या जातीची आहे, की नुसती हुकाच्या अंगात असते? एका नव्या ड्राफ्ट्समनने हुकाच्या वरचं साखळीचं चाक हुकाच्या लेकींत नोंदवलं, कारण आईच्या कागदावर ते काढलेलं होतं. साहेब म्हणाले, "अहो, चाक ही लेक नव्हे. ते त्या घरातलं भांडं आहे. भांड्याला आईचे नाक-डोळे नाही लागत." आम्ही पोरी इतक्या हसलो, की त्या बिचाऱ्याने दोन दिवस डबा एकट्याने खाल्ला.

रेणुकाला हे सांगितलं तेव्हा तिने वहीत लिहून घेतलं. हाच प्रश्न मुलाखतीत हमखास विचारतात म्हणे.

आता ज्ञानोबा. राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका गावाहून रोज यायचे. हुकांची जुळणी त्यांच्याकडे. जाड बोटं, डोक्यावर टोपी, शाळा चौथीपर्यंत, पण कागद असा वाचायचे की ड्राफ्ट्समन चाचपडावा. शॉपमध्ये गेलेल्या प्रिंटवर पेन्सिलीने काही लिहायची मनाई होती. ज्ञानोबा लिहायचे. मला ते दिसायचं आणि मी काही म्हणत नसे.

भोसरीच्या एका छोट्या फाउंड्रीची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याची, मागणी आली. त्यांच्या शेडची उंची कमी, त्यामुळे हुक वरून आखूड हवा होता. साहेब तेव्हा आजारी रजेवर होते आणि कागद काढायचं माझ्यावर आलं. तोपर्यंत मी नुसती ट्रेसर उरले नव्हते. रजिस्टर माझ्या हातात, कोण कुणाची लेक हे मी सांगायची. मी तो हुक सरळ आईच्या खाली घातला. दांड्याचं वरचं टोक छाटलं, नट बुटका केला, आणि खाली नेहमीची ओळ टाकली.

ज्ञानोबा प्रिंट घेऊन वर आले.

"बाई, ही त्या आईची लेक न्हाई."

"का हो?"

"तोंडावळा सारखा हाय म्हनून लेक कशी व्हईल? वरचं समदं येगळं हाय हिचं. हिला सोताचा कागद द्या."

"ज्ञानोबा, सहा कागद गिरवायचे म्हणजे पंधरा दिवस जातील. आणि काम तर होतंय ना यावर?"

"व्हय, काम व्हतंय," म्हणाले. "आज तरी व्हतंय."

काम खरंच होत होतं. इथे वाचकांना एक छोटी गोष्ट समजावून सांगायला हवी. हुकाचा दांडा एका आडव्या तुकड्यातून वर येतो आणि वर त्याला नट बसतो. सगळं वजन त्या नटावर. हुक गरगर फिरतो, तेव्हा नट हळूहळू सैल होऊन निघू नये म्हणून नट आणि दांडा यांच्यातून आरपार एक भोक पाडून त्यात पिन घालायची. दोन रुपयांची सुद्धा नाही ती पिन, पण तिच्यावाचून हुक म्हणजे लोंबणारं संकट. हे भोक आईच्या कागदावर होतं. लेकींना ते आपोआप मिळत होतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी साहेबांनी आई सुधारली. भोकामुळे दांडा अशक्त होतो म्हणून त्यांनी भोक काढून टाकलं. त्याऐवजी दांड्याच्या वर आलेल्या टोकाला खाच आणि त्या खाचेत बसून नटाला स्क्रूने आवळलेली पट्टी. सुधारणा चांगलीच होती. मी स्वतः ब्लेडने आईवरचं भोक खरवडलं आणि पट्टी काढली. मग रजिस्टर उघडून एकेक लेक तपासायला घेतली. अकरा लेकी. दहांना पट्टी बिनतक्रार बसत होती.

अकरावी फाउंड्रीची. हिचं टोक मीच छाटलेलं, वर येतच नव्हतं. पट्टी बसणार कशी? मी विचार केला, हिचं जुनं आहे तेच राहू दे. आणि तिच्या कागदावर एक ओळ लिहिली: "लॉक पट्टी नको."

मला वाटलं, भोक तिचं स्वतःचं आहे. ते तिचं कधीच नव्हतं. ते आईचं होतं, आणि आईवरून ते मी त्याच सकाळी खरवडून टाकलं होतं.

एवढीच चूक. मी ती माझ्या उजव्या हाताने, दिवसाढवळ्या, चांगल्या उजेडात केली आणि कागद कपाटात ठेवून डबा खायला गेले.

पुढे दोन वर्षं काही झालं नाही. काही झालं नाही, कारण ज्ञानोबा भोक पाडत होते. कागदावर पट्टी नको, भोकही नाही. त्यांनी आपल्या प्रिंटवर नटाच्या जागी पेन्सिलीने एक छोटा गोल काढला, बाण काढला आणि 'भोक' असं लिहिलं. वर येऊन सांगितलं का नाही? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. एकदा आले होते ते सांगायला, ती आईची लेक नाही म्हणून, आणि मी त्यांना परत पाठवलं होतं.

मग तपासणी खात्यात एक नवे इन्स्पेक्टर आले. त्यांनी ज्ञानोबांना ड्रिलवर पकडलं आणि कागदात नसलेलं काम का करता म्हणून आवाज चढवला. मला खाली बोलावलं. मशीनभोवती पाच-सहा जण जमले होते. मी लेकीचा कागद पाहिला, भोक नाही. आईचा पाहिला, भोक नाही. एका कागदावरून दुसऱ्यावर नजर गेली, पण त्या दोन कागदांच्या मध्ये काय हरवलंय ते मला दिसलं नाही. माझा तोरा मात्र जागेवर होता.

"ड्रॉइंगमध्ये भोक नाही, तर पाडायचं नाही," मी म्हटलं.

"बाई, मंग नट धरनार कोन?"

"ज्ञानोबा, डिझाइनचा विचार साहेबांनी केलेला आहे. आपण कागदाप्रमाणे करायचं."

त्यांनी भोवतीच्या लोकांकडे एकदा बघितलं. चार लोकांत मला खोटं पाडायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं मला आज कळतं.

"बरं. तुमी म्हनताय तर ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि ड्रिल बंद केलं.

त्यानंतर फाउंड्रीला तीन हुक गेले. त्यातल्या एकाचा नट काही महिन्यांनी फिरत फिरत निघाला आणि हुक साच्याच्या लोखंडी पेटीसकट खाली आला. खाली एक कामगार होता. त्याचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्याचं नाव मी तेव्हा विचारलं नाही. नंतर विचारायचं तोंड राहिलं नाही.

बातमी सकाळी आली. दातार साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर आई आणि लेक दोन्ही पसरलेल्या होत्या. त्यांना एका मिनिटात दिसलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मलाही दिसलं. मी खुर्ची धरली.

"चौकशीला सरकारचे फॅक्टरी इन्स्पेक्टर येतील," साहेब म्हणाले. "मूळ प्रत मागतील."

"साहेब, दुरुस्ती करते. नवीन अक्षर घालून..."

प्रत्येक दुरुस्तीला कागदाच्या कोपऱ्यात अ, ब, क असं पुढचं अक्षर आणि तारीख घालायची असते. त्यावरून कळतं, कधी काय बदललं.

"अक्षर नाही घालायचं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "निर्मलाबाई, डिझाइन चुकलं म्हटलं तर कंपनी उठेल. तीनशे घरं आहेत. तुमचंही आहे." ते वाईट नव्हते. घाबरले होते, आणि मी त्यांच्याहून जास्त घाबरले होते. भावाला अजून पक्की नोकरी नव्हती, घरात त्याचं लहान मूल होतं आणि आईला दम्याचे झटके येत होते. ही कारणं तेव्हा फार मोठी वाटली. आज लिहून बघितली तर एका ओळीत मावली.

मी पेन उचललं आणि लेकीच्या कागदावर भोक काढलं. 'लॉक पट्टी नको'च्या पुढे लिहिलं, "आरपार भोक व पिन." जुनी शाई किंचित तपकिरी झालेली असते. मी नव्या शाईत थेंबभर पाणी घातलं, दोन वेळा घोटलं. जुनी रेघ कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. इतकी चांगली रेघ मी नोकरीत दुसरी काढली नाही.

मग खाली जाऊन जुन्या प्रिंट गोळा करायच्या होत्या. तेही माझंच काम. ज्ञानोबा बाकावर बसले होते. त्यांनी खण उघडून प्रिंट काढली, नीट घडी केली.

"बाई, ह्यात माझं भोक काडल्यालं हाय. म्हंजी कागदात नव्हतं ते दिसतंय. सांभाळून ठिवा."

"हो," मी म्हटलं.

"माझ्यापाशी ऱ्हायलं तर कोन तरी काडून घील. तुमच्याकडंच बरं हाय."

मी तो कागद घेऊन जिना चढले. फाडायचा होता. माझ्या खणात तळाशी ठेवला.

चौकशी दातार साहेबांच्या खोलीत झाली. मूळ प्रतीवर भोक होतं, आणि बसवलेल्या हुकात नव्हतं. ज्ञानोबा उभे होते. ते म्हणाले, "कागदात भोक नव्हतं. मी पाडत हुतो, मला नको म्हनून सांगितलं. माझा जुना कागद बाईंकडं हाय, त्यो बघा."

फॅक्टरी इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "आहे का तुमच्याकडे?"

"जुन्या प्रिंट आम्ही फाडून टाकतो," मी म्हटलं.

हे खरंच होतं. आम्ही फाडून टाकायचो. त्यांनी आहे का विचारलं आणि मी पद्धत सांगितली. मशीनपाशी त्या दिवशी जमलेले पाच-सहा जण, तो आमचा तपासणीवाला, कुणीच काही बोललं नाही. सगळ्यांना घरं होती. ज्ञानोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रागाची वाट बघत होते. राग नव्हता. मला काही तरी आठवेल म्हणून ते थांबले होते, एवढंच. मग त्यांनी टोपी नीट केली.

त्यांना हलगर्जीपणाबद्दल काढून टाकलं. अठरा वर्षांची नोकरी होती. मी मात्र पुढे त्या ऑफिसची प्रमुख झाले.

दातार साहेब निवृत्त झाल्यावर निळं रजिस्टर पूर्णपणे माझं झालं. तेव्हा मी एक काम केलं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकेक लेक आईपासून सोडवली. प्रत्येकीचा पूर्ण कागद केला. ज्या रेघा आईकडून आपोआप मिळत होत्या, त्या सगळ्या हाताने पुन्हा काढल्या. सुरुवात फाउंड्रीच्या लेकीपासून. वेळ वाया घालवते म्हणून वरच्यांनी मला दोनदा बोल लावला. मी ऐकून घेतलं आणि गिरवत राहिले. त्याने ना पाय परत आला, ना नोकरी.

हे सगळं मी रेणुकाला सांगितलं. तिने वही मिटली. मग म्हणाली, "आत्याआजी, आमच्याकडे याला नाव आहे. ठिसूळ बेस क्लास म्हणतात. बेस म्हणजे आई. वर काही तरी बरोबर बदलायचं आणि खाली काही तरी तुटायचं. पुस्तकात असतं."

नाव आहे म्हणजे हे पुष्कळांच्या हातून घडतं. मला त्याचा आधार वाटायला हवा होता. पण पुस्तकात असतं ते अर्धंच. वर बदललं आणि खाली तुटलं, ती चूक. नंतर पाणी घातलेल्या शाईने मी जे केलं, त्याला पुस्तकात नाव नसणार.

रेणुका म्हणाली, "तो कागद अजून आहे?"

होता. नोकरी सुटली तेव्हा घरी आणला होता आणि खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात उभा करून ठेवला होता. इतक्या वर्षांत उघडला नव्हता. "चल," ती म्हणाली, "गाडी आहे माझी." तिच्या वयाला हे सोपं वाटतं. मला नाही म्हणता आलं नाही.

चाकणला ट्रकांच्या रांगेत तासभर अडकलो. राजगुरुनगर सोडल्यावर विचारत विचारत गाव सापडलं. ज्ञानोबा पंधरा वर्षांपूर्वी वारले होते. कंपनीतून काढल्यावर दुसऱ्या कुठल्या कारखान्याने घेतलं नाही, मग गावातच पंपाची, सायकलींची कामं करत राहिले, असं शेजाऱ्याने सांगितलं. त्यांच्या पत्नी सगुणाबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसत होतं. रेणुकाने मोठ्याने सांगितलं, की पिंपरीच्या कंपनीतल्या निर्मलाबाई आल्यात.

"कागदवाल्या बाई?" त्या म्हणाल्या.

मी पिशवीतून कागदाची घडी काढली.

"मालक म्हनायचे, कागद बाईंकडं हाय. बाई येतील घिऊन. आमची पोरं हसायची त्यास्नी. ते म्हनायचे, न्हाई, बाईंनी हो म्हटलंय, त्या येतील." त्यांनी बाजेवर जागा केली. "बसा. लई उशीर केला."

मी घडी उघडली आणि तेव्हाच मला दिसलं. खिडकीचा उजेड पातळ कागदातून आत उतरला होता आणि प्रिंट पार उडून गेली होती. हुक नाही, दांडा नाही, नट नाही, माझी ती ओळखू येणारी रेघ कुठेच नाही. पिवळा, कोरा कागद, आणि त्याच्या मधोमध पेन्सिलीचा एक गोल, बाण, आणि 'भोक'. पेन्सिल तेवढी जशीच्या तशी होती.

सगुणाबाईंनी कागद मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत खाली ठेवला.

"ह्यात मालकांचं काय हाय?"

मी त्यांचं बोट धरून त्या गोलावर ठेवलं. "हे. हे त्यांनी काढलं होतं. ते बरोबर होतं. चूक माझी होती."

त्या बोट तिथेच ठेवून बसल्या. गोठ्यात कुठे तरी गाय हंबरली. रेणुका माझ्या मागे उभी होती.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"मंग तवाच सांगायला काय झालं व्हतं, बाई?"